ओनाबांजोंच्या पेटीतला गंज

सोमवार, ३ जुलै

पोचलो एकदाचा अबेओकुटाला! मोरेनिके, ही वही तू दिलीस, म्हणून लिहितोय तेही तुलाच. फोनवर मी नुसती बडबड करतो आणि कामाचं काही सांगत नाही, अशी तुझी तक्रार. घे, आता रोज लिहितो. परत आलो की पोटातल्या पाहुण्यालाही वाचून दाखव. बाप काय चीज आहे ते आत्तापासून कळू दे. लागोसपासून शेजारची बाई मांडीवर सुक्या माशांची टोपली घेऊन बसली होती, तेवढं सोडलं तर प्रवास झकास झाला.

ओनाबांजो बाबांच्या विधवा, इया अरिन्पे, म्हणजे सगळ्यांच्या आईच, दारातच उभ्या होत्या. मी रीतीप्रमाणे अंगणात पालथा पडून नमस्कार केला, तर म्हणाल्या, उठ रे बाबा, शर्ट धुवायला इथे तुझी बायको नाही. आवडल्या मला. जेवायला अमालाच्या पिठाचा काळा गोळा आणि वर एवेदूची भाजी. आता तुला माहीतच आहे, बुळबुळीत काही माझ्या घशाखाली उतरत नाही. मी ती भाजी बाजूला सारली, त्यांनी पाहिलं, आणि एवढा मोठा सुतार आणि पालेभाजीला घाबरतो, म्हणून तोंडावर हात धरून हसल्या.

मग पेटी दाखवली. मोरे, काय सांगू! बाबांनी आयुष्यभर या हत्यारांनी देवळांचे खांब आणि राजांचे दरवाजे कोरले. दोन वाकस, पटाश्या किती तरी, सपाट, गोल, अगदी करंगळीएवढ्यासुद्धा, कोरायच्या सुऱ्या, एक जुना विलायती रंधा. बाबा गेल्यावर पेटी कुणी उघडलीच नाही. झाकण उचललं तर आतून असा कुबट भपका आला की मी दोन पावलं मागे सरलो. सगळ्यावर गंज. साधा तांबूस नव्हे, पोपडे धरलेला, खरूज झाल्यासारखा. एका पटाशीला बोट लावलं तर पोपडा सुटून नखात गेला आणि खाली लोखंड ओलं होतं. शी! हात तीनदा धुतले.

पण खालचं पोलाद जुनं आहे, अस्सल आहे. असं आता मिळत नाही. इयांचा शब्द पक्का आहे: पोरं परदेशी, घरात कोरणारं कुणी उरलं नाही, तेव्हा जो हत्यारं साफ करील त्याची ती हत्यारं. माझी चोरांनी नेल्यापासून मी लोकांच्या हत्यारांवर हमाली करतोय. ही हाती आली की आपलं दुकान, आपली पाटी, आणि बाळ जन्माला येईल ते मालकाच्या घरात. नोकराच्या नव्हे.

मंगळवार, ४ जुलै

आज कामाचे कायदे ऐकले. मागच्या अंगणात ओगुनचा दगड आहे, भोवती जुने नाल, साखळ्या, ताडाची झावळी. लोखंडाचा देव, त्याचं ठाणं. इया म्हणाल्या, काम याच दगडावर बसून करायचं. प्रत्येक हत्यारावर आधी गोगलगाईचं पाणी ओतायचं, म्हणजे लोखंडाचं डोकं थंड राहतं. आणि हत्यार हातात असेपर्यंत तोंड बंद. लोखंड ऐकतं आणि ऐकलेलं विसरत नाही.

मी हो हो म्हटलं. लहानपणी आजोळी हेच ऐकलंय. पण नंतर त्यांनी वाडगं आणून ठेवलं. मुठीएवढ्या गोगलगाई, शंखाचं टोक फोडलेलं, आणि त्यातून ते पाणी ठिबकतंय, निळसर, तार धरणारं, मध्ये कसले तरी बुडबुडे. एक गोगलगाय अजून हलत होती. सकाळी खाल्लेले अकाराचे वडे वर आले. इया आत गेल्या तसं मी सगळं वाडगं केळीच्या मागे उपडं केलं. थंड डोकं की गरम डोकं, गंजाला त्याच्याशी काय देणंघेणं? गंजाला आंबट लागतं.

म्हणून ओगीची आंबील करणाऱ्या बाईकडून मक्याचं आंबट पाणी बादलीभर आणलं. हत्यारं त्यात बुडवून ठेवली. पाण्यावर लगेच तपकिरी फेस धरला, म्हणजे काम होतंय.

बुधवार, ५ जुलै

मोरे, तुझा नवरा वस्ताद आहे!

आंबट पाण्याने पोपडे लोण्यासारखे सुटले. आधी नारळाच्या काथ्याने आणि राखेने घासलं, कोपऱ्यांना तारेचा ब्रश, मग बारीक पॉलिश पेपर. दुपारपर्यंत पहिला वाकस उघडा पडला. पात्यावर लोहाराची खूण निघाली, छोटासा सरडा. धुतला, पुसला, आणि मग नेहमीप्रमाणे जीभ लावून पाहिली. आमच्या उस्तादांनी शिकवलेलं: आंबट धुतलं गेलं की नाही हे डोळ्याला कळत नाही, जिभेच्या शेंड्याला कळतं. आंबट लागलं तर पुन्हा धुवायचं, नाहीतर उद्या दुप्पट गंज.

आणि माझं तोंड कधी गप्प बसलंय? इतका खूश होतो की वाकसाला म्हटलं, बघ गड्या, या घरात तुझ्या गंजाचा कण जरी उरला ना, तर मी तो चाटून खाईन! असं म्हणालो आणि जीभ लावली.

मागे धपकन आवाज झाला. इया स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, पळी खाली पडलेली. विचारलं, आत्ता काय बोललास? मी म्हटलं, कुठे काय, चव पाहिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच हसू आलं. म्हणाल्या, लोखंडाला जीभ लावणं म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही का रे? आता ठाऊक कसं नसेल! कोर्टात कितीतरी जण बायबल नको म्हणतात, लोखंडाला जीभ लावून शपथ घेतात, आणि खोटं बोलायची त्यांची छाती होत नाही. पण मी साक्षीदार थोडाच आहे? मी सुतार आहे, चव पाहतोय. उस्तादांचे सगळे चेले चव पाहतात. बाकीचे मुक्यानेच पाहत असतील, एवढाच काय तो फरक.

शुक्रवार, ७ जुलै

तोंडातली चव जात नाही.

परवापासून जिभेवर गंजाची चव बसलीय. मीठ लावून घासली, कोलाचं कडू बी चावून पाहिलं, आलं चावलं. काही उपयोग नाही. थुंकलो तर थुंकी तपकिरी. हिरड्यांतून येत असेल म्हणून आरशात पाहिलं, हिरड्या ठणठणीत.

वर आणखी एक कटकट. काल साफ करून, तेल लावून, फडक्यात गुंडाळलेल्या पटाश्या आज सकाळी पुन्हा गंजलेल्या. हवा दमट आहे हे मान्य, पण एका रात्रीत? आणि हा गंज कोरडा नाही. बोटाला लागला तर पुवासारखा ओढला जातो. फडकं उघडताना ते पात्याला चिकटून आलं आणि मधे तार धरली. मी उलटी करायला केळीपर्यंत धावलो. काहीच पडलं नाही.

सगळं पुन्हा धुतलं. हार मानली तर मी कोलापो नव्हे.

रविवार, ९ जुलै

चर्चला गेलो नाही. तोंड उघडायची लाज वाटते.

जिभेवर काहीतरी आलंय. आधी वाटलं पांढरा थर असेल, सगळ्यांना येतो. पण तो तांबडा आहे आणि खरखरीत, आणि नखाने खरवडला तर पोपडा सुटतो. खाली ओलं. तो पोपडा मी बोटावर घेऊन पाहिला. आयुष्यभर जे पाहिलं तेच आहे ते, मोरे. मला गंज ओळखायला कुणाची गरज नाही.

दुपारी ओसरीवर डोळा लागला. जाग आली तेव्हा तोंडात करंगळीएवढी पटाशी होती. लहान मूल अंगठा चोखतं तशी. बाहेर काढली तर चकचकीत, तेल नाही, पेपर नाही, नुसती थुंकीने ओली. दांड्यापर्यंत एक डाग नाही. अशी सफाई मला दिवसभर घासून साधली नव्हती.

मी इतका ओरडलो की इया धावत आल्या. त्यांना सांगितलं, विंचू होता.

मंगळवार, ११ जुलै

तुझा फोन आला. आवाज असा जड का येतोय, पितोस की काय, असं विचारलंस. तोंड आलंय म्हटलं. जास्त बोललो असतो तर रडलो असतो.

इयांना केळीच्या मागे शंख सापडले. मुंग्यांनी आतलं खाऊन टाकलेलं, वास सुटलेला. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि इतकंच म्हणाल्या, पाणी ओतलंस ना रे? मला खोटं बोलता आलं नाही. सगळं ओकलो: फेकलेलं वाडगं, वाकसाला दिलेला शब्द, जीभ. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाल्या, तुझी आई नाही इथे म्हणून मी मारत नाही तुला.

संध्याकाळच्या आत त्या ओगुंडिपेंना घेऊन आल्या. ते लोहार, ओगुनची पूजाही तेच करतात. मोठा गप्प माणूस, हाताला भाजल्याचे डाग. माझं तोंड उघडायला लावून आत पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मग म्हणाले, बरं होण्यासारखं आहे. हत्यारं आहेत तशी दगडावर ठेव, गोगलगाईचं ताजं पाणी ओत, एक घोट स्वतः पी, आणि चालायला लाग. हत्यारं तिथे गंजून माती होऊ देत. गंज ओगुनला मिळाला की तू सुटलास.

मी विचारलं, म्हणजे हत्यारं न्यायची नाहीत? ते म्हणाले, न्यायची नाहीत.

मोरे, मी भांडलो. हो, भांडलो. पटाश्या चांदीसारख्या झाल्यात, रंध्याचं पातं असं निघालंय की केस कापावा. हे सगळं मातीत घालू? आणि दुकान? आणि तू उन्हात दुसऱ्यांचे कपडे शिवत बसणार, बाळ पाठीला बांधून? ओगुंडिपे म्हणाले, पोरा, माणूस उरला तर दुकान होतं. मी म्हटलं, शब्द मी दिलाय, गंज काढण्याचा, तो काढून दाखवतो, मग कशाला कोण मागे लागेल? ते इयांकडे पाहून उठले. जाताना म्हणाले, अक्कल आली की बोलाव, पण उशीर करू नकोस.

गुरुवार, १३ जुलै

हत्यारांवर आता एक कणही नाही. सगळी साफ. मी केली. कशी ते विचारू नकोस.

वाटलं होतं, संपलं. पण मी म्हणालो होतो, या घरात. हत्यारांत नव्हे.

आज दाराची बिजागरी. नंतर विहिरीच्या रहाटाची साखळी, तिला शेवाळ होतं, पक्ष्यांची घाण होती, तीही. तव्याचं बूड. मला कळत असतं सगळं. मी तिथे उभा असतो आणि मला किळस येत असते, आणि जीभ बाहेर असते. इयांनी तवा ओढून घेतला तेव्हा मी गुरगुरलो. त्या म्हाताऱ्या बाईवर.

सगळ्यात घाणेरडं हे आहे की चव आवडायला लागलीय. गोड लागते.

शनिवार, १५ जुलै

अक्कल आली. ओगुनला म्हटलं, हत्यारं घे, सगळी घे.

ओगुंडिपे आले. दगडावर हत्यारं मांडली, पाणी ओतलं. मी तो घोट प्यालो. बुळबुळीत, घशातून उतरेना, गिळला. कसा गिळला ते मला माहीत. मग ते वाट पाहत बसले. आणि पात्यांवर काहीच चढेना. तशीच चकचकीत. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मला कळलं. जो गंज द्यायचा तो तिथे कुठे होता? तो मी खाल्लाय.

म्हणाले, ओक. बोट घाल. मी बोट घातलं आणि सगळं बाहेर आलं, दगडभर, तांबडा चिखल, पोपडे, साखळीवरचं शेवाळ, वास असा की ओगुंडिपेंचा कुत्रा शेपूट घालून पळाला. इया म्हणाल्या, सुटलास रे, सुटलास, आणि रडायला लागल्या. मला इतकं हलकं वाटलं होतं, मोरे. खरंच.

आणि मग मी खाली वाकलो आणि ते सगळं —

त्यांनी मला ओढलं तोवर दगड साफ होता.

ओगुंडिपे फक्त म्हणाले, आता या पोराकडे ओगुनला द्यायला काही नाही, आणि माझ्याकडे करायला काही नाही.

रविवार, १६ जुलै

मीच सांगितलं, कोंडा मला. मागची लाकडाची खोली. खिळे उपटून घेतले, दाराला दोऱ्या, बाहेरून लाकडी अडसर. पाणी मडक्यात. वही ठेवू दिली, पेन्सिल दिली. लोखंड कुठेच नाही.

जेवण जात नाही. भुकेने नव्हे — वासाने. भिंतीपलीकडून मला विहिरीची साखळी कळते. इया दाराशी आल्या की त्यांचाही वास येतो. आत वाहतं ते. फिकट, म्हातारं. लोखंडच की तेही.

इयांना सांगितलं, दाराजवळ येऊ नका.

सोमवार, १७ जुलै

फोन इयांनी दाराला धरला. तू होतीस. जिभेने शब्द होईना — घासल्यासारखा आवाज झाला नुसता. तू म्हणालीस, मी येतेय.

नाही म्हणालो. तीनदा. तुला काय ऐकू गेलं कुणास ठाऊक.

इया, तिला फाटकाशी थांबवा. पाया पडतो. पोटात बाळ आहे तिच्या. डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्यात तिला रोजच्या, रक्त कमी म्हणून — घेते ती, न चुकता —

नको यायला.

मंगळवार, १८ जुलै

आलीस. फाटकापासूनच कळलं मला. दोघांचा वास.

इयांचं ऐकलं नाहीस, कधी कुणाचं ऐकलंस? माझा नवरा का कोंडलाय म्हणून ओरडतेयस. म्हाताऱ्या बाईला शिव्या. दार पिटतेयस. मोरे, जा. लिहितोय फक्त, बोलता येत नाही — आवाज काढला तर तुला वाटेल बोलावतोय.

फळीची ढलपी लागली तुला. आई गं म्हणालीस. तळहात फाटला.

दाराखालून येतंय. आत. मातीवर. पूस ते, फडक्याने पूस, पायाने माती लोट — सुकतंय, मोरे. कडेने तपकिरी व्हायला लागलंय. मला माहीत आहे हे रक्त आहे, गंज नाही. तुझं रक्त आहे. माहीत आहे मला. इतकी किळस येतेय, इतकी —

आता तू खाली बसलीस. रडतेयस. म्हणतेयस मी आहे ना, घाबरू नकोस. दाराखालच्या फटीतून बोटं आत घातलीस. माझा हात धर म्हणतेयस.

बोटं काढ. मोरे बोटं काढ, इया ओढा हिला, मी धरणार नाही, मी कोपऱ्यात आहे, मी इथून हलणार नाही मी — जवळ कसा —

हात नाही गं धरत मी, मी खाली वाक